अंगठ्याखालचं दुकान

फोनवरच्या आमच्या ऑनलाइन खेळात बॉसचा, म्हणजे शेवटच्या राक्षसाचा, जीव अगदी थोडा उरला होता. पाच खेळाडूंची पार्टी, त्यातले दोघं एकाच खोलीत: मी पलंगावर आणि भाचा खाली फरशीवर पालथा, कारण मे महिन्यातल्या दुपारी नागपूरच्या घरात सगळ्यात गार जागा तीच. बॉसनं दोन्ही हात डोक्यावर नेले. याचा अर्थ आता आपटणार, बाजूला व्हा. डॉजचं, म्हणजे घाव चुकवून सरकायचं, बटण उजव्या अंगठ्याखाली होतं, मी ते दाबलं, आणि स्क्रीनभर सोनेरी झालरीचं दुकान उघडलं. उन्हाळी ऑफर, फक्त आजच, पंखांचा जोड घ्या आणि वर रत्नं फुकट. त्या झालरीमागे कुठेतरी धप्प आवाज झाला आणि माझी धनुर्धारी आडवी पडली. "मावशी, काय करून राहिली तू?" भाचा खालून ओरडला. खरेदी करून राहिली बाप्पा, म्हटलं.

मेल्याचं काही नव्हतं. या खेळांमध्ये मरणं हा रोजचाच कार्यक्रम. उठायचं, थोडं सोनं दंड म्हणून भरायचं आणि पुन्हा दारातून आत शिरायचं. डोक्यात राहिलं ते दुकानाचं उघडणं. डॉज दाबल्यावर धनुर्धारी आधी क्षणभर आढेवेढे घेते, मग सरकते, कधी कधी सरकतच नाही. दुकानाला मात्र बोट लागायचा अवकाश. लॅग म्हणजे उशीर नाही, अडखळणं नाही, नेम चुकला तरी चालतो. ताज्या अपडेटमध्ये त्याचं बटण वरच्या कोपऱ्यातून उचलून खाली डॉजच्या शेजारी आणून बसवलं होतं, आणि आकारही चांगला ऐसपैस. पॉल फिट्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच दाखवून दिलं होतं की हात एखाद्या ठिकाणी पोचायला किती वेळ लागेल, हे ते ठिकाण किती लांब आणि किती मोठं आहे यावर ठरतं. स्क्रीनवर बटणं मांडणाऱ्याला हा नियम पाठच असतो. त्यामुळे दुकान मोठं नि हाताशी, आणि डॉज बारीक नि गर्दीत, ही मांडणी सहज झाली असेल असं काही केल्या पटेना. बर्डीच्या बाजारात दुकानदार "या ताई, या ताई" करून जीव नकोसा करतात, मान्य. पण भर ट्रॅफिकमध्ये रस्ता ओलांडत असताना कोणी दंड धरून आत ओढत नाही.

भाचा म्हणाला, तुझा फोन जुना आहे. आहेच. पण नवा फोन घेतला तरी अंगठे हेच राहणार आणि मे महिनाही हाच. उन्हाळ्यात फोनवर ऑनलाइन आरपीजी, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायचा खेळ, खेळणं हा काय प्रकार असतो, हे पंचेचाळीस डिग्रीत खेळल्याशिवाय कळायचं नाही. डाव्या अंगठ्याखाली एक फिकट गोल असतो, त्याला जॉयस्टिक म्हणतात. स्टिक कसली, नुसती काच. अंगठा गोलाच्या आत आहे की बाहेर घसरलाय हे त्वचेला समजत नाही. ते समजायला नजर खाली न्यावी लागते, आणि नजर खाली गेली की वरून काय कोसळतंय ते दिसत नाही. त्यात घाम. कूलर समोर लावला तर दमट हवेनं काच चिकट होते, बंद केला तर बोटं निथळतात. मी पावडर लावून पाहिली, भाच्यानं बोटांना घालायच्या जाळीच्या टोप्या मागवल्या. थोड्या वेळानं फोन स्वतःच तापतो, जीव वाचवायला स्क्रीनचा उजेड आपोआप कमी करतो, चित्र अडकत अडकत चालायला लागतं, आणि गुहेतल्या अंधारात आपण उभे आहोत की भिंतीला नाक लावून धावतोय हे कळेनासं होतं. २०१८ च्या ब्लिझकॉनमध्ये, म्हणजे ब्लिझार्ड या कंपनीच्या मेळाव्यात, त्यांचा कॉम्प्युटरवरचा 'डायब्लो' हा खेळ फोनवर येणार म्हटल्यावर लोकांनी नाराजी दाखवली, तेव्हा मंचावरून विचारलं गेलं होतं, तुमच्याकडे फोन नाहीत का? जगभर त्या वाक्याची खिल्ली उडाली. आमच्या गिल्डमध्ये, म्हणजे खेळातल्या मंडळात, कोणी हसलंच नाही. आमच्याकडे फोनच होते, दुसरं काही नव्हतं.

भाचा डावखुरा आहे. त्याला चालणं उजव्या हातात आणि तलवार डाव्या हातात हवी, एवढीच मागणी. आम्ही सेटिंगची सगळी पानं पालथी घातली. त्यात अंगरख्याच्या किनारीचा रंग बदलता येतो, नावाभोवती ज्वाळा लावता येतात, घोड्याच्या टापांखालून फुलं उधळता येतात. जॉयस्टिक डावीकडून उजवीकडे नेता येत नाही. बटणांचा आकार वाढवता येतो, पण जागा हलवता येत नाही. म्हणजे वाढवली की ती एकमेकांवर चढतात. शेवटी पोरगा दोन्ही हातांची अदलाबदल करून, फोनवर मनगटं एकमेकांवर टाकून खेळायला शिकला. बघणाऱ्याला हसू येतं. मला आधी यायचं, आता त्या सेटिंगवाल्यांचा राग येतो.

आणि हे सगळं जमवलं तरी सर्व्हर राहतोच.

झिरो माईलचा खांब आमच्या गावात. चार घोडे, दगडी स्तंभ, देशाचा मध्य म्हणून शाळेच्या सहलीत दाखवतात. मध्यावर असण्याचा या खेळात शून्य उपयोग. समुद्र दोन्हीकडून लांब, आणि केबल तर समुद्रातूनच जाते. आमच्या खेळाचा सर्व्हर सिंगापूरला. सरळ रेघ मारली तरी नागपूरहून साधारण साडेतीन हजार किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर पळतो, म्हणजे जाऊन-येऊन ३५ मिलिसेकंद ही नुसती भौतिकशास्त्राची पट्टी झाली. बारावीतल्या भाच्यानं ती रफ वहीच्या कोपऱ्यात करून दाखवली. प्रत्यक्षात केबल सरळ रेघेत जात नाही, वाटेत दहा ठिकाणी थांबे, आणि संध्याकाळी सातनंतर मोहल्ल्यातलं प्रत्येक घर नेटवर. मग पिंग, म्हणजे निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ, शंभर मिलिसेकंदांच्या वर, कधी दोनशे. यातून जे घडतं ते डोक्यात तिडीक आणणारं असतं. माझ्या स्क्रीनवर मी वेळेत बाजूला झालेली असते. लाल वर्तुळाच्या बाहेर, स्पष्ट. खेळ माझ्या फोनवर मला तसं दाखवतो, कारण सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत बसलो तर प्रत्येक पाऊल जडशीळ वाटेल. पण निकाल सिंगापुरात लागतो, आणि तिथल्या दप्तरी मी अजून वर्तुळाच्या आतच उभी आहे. मग बाहेर उभी असलेली मी एकाएकी मरून पडते. याला उलटतपासणी नाही, अपील नाही. अमरावतीचा आमचा एक हीलर, म्हणजे बाकीच्यांचे घाव भरणारा, आहे, औषधांच्या दुकानात काम करतो, तो म्हणतो, "ताई, आपण खेळतो ते भूतकाळात." शांतपणे म्हणतो. गिऱ्हाईकांची सवय.

मी या जगात शिरले तेव्हा पिंग हा शब्दही मला माहीत नव्हता. २००७ च्या आसपास धरमपेठेतल्या एका गल्लीत सायबर कॅफे होता, प्लायवूडच्या खोपट्या, प्रत्येकीला पडदा. मुली फारशा येत नसत. कॅफेवाल्या काकांनी मला काउंटरशेजारची बिनपडद्याची जागा ठरवून दिली होती. तिथला कीबोर्ड मला आजही हाताला आठवतो. डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांवरची अक्षरं पूर्ण पुसलेली, डब्ल्यूच्या मधोमध उथळ खड्डा. ती सगळी झीज काउंटर-स्ट्राइकवाल्या पोरांची. माझ्या खेळाला त्या कळा लागतच नव्हत्या. मी 'रुनस्केप' खेळायचे, कारण ते ब्राउझरमध्ये चालायचं आणि काकांच्या मशीनवर काहीही इन्स्टॉल करायला बंदी होती. जमिनीवर क्लिक करायचं, की बाहुली तिथे चालत जायची. त्या खेळाचं घड्याळच ०.६ सेकंदांच्या टिक-टिकीवर चालतं; तुम्ही कितीही घाई करा, काम होणार पुढच्या ठोक्याला. खेळातल्या कराम्जा बेटावर लॉबस्टर पकडायचे. पिशवीला २८ घरं. ती भरली की बंदरावर जायचं, बोटीचं भाडं ३० नाणी, पलीकडे उतरून बँकेपर्यंत पायी, माल ठेवायचा, पुन्हा परत. तासाला वीस रुपये मोजून मी हे करत होते. आईला सांगितलं असतं तर तिनं कपाळावर हात मारला असता.

आजच्या कुठल्याही हिशेबानं ते वाईट डिझाइन. एवढीशी पिशवी, एवढी पायपीट, क्लिक आणि कृती यांच्यात एवढा उशीर. पण त्याबद्दल चिडल्याचं मला आठवत नाही. एक तर तो उशीर सगळ्यांना सारखाच होता, ब्राझीलच्या पोराला आणि मलाही. ठोका पडल्यावरच दोघांची बाहुली हलणार. आणि दुसरं असं, की पिंजरा एकदा टाकला की माझे दोन्ही हात मोकळे व्हायचे. मोकळे हात कीबोर्डवरच ठेवलेले. मग माणूस टाइप करतोच. शेजारी मासे पकडणाऱ्याला विचारतो, तुझ्याकडे किती वाजले. फिनलंडमध्ये हिवाळ्यात दुपारी अंधार पडतो हे मला भूगोलाच्या पुस्तकाआधी त्या बेटावर कळलं. आता फोनवर दोन्ही अंगठे सतत कामाला जुंपलेले. चॅट उघडायचं म्हणजे कीबोर्ड अर्धा स्क्रीन खाणार आणि तोवर मागून कोणीतरी भाला खुपसणार. त्यामुळे लिहून बोलणं संपलं, उरला माइक. माइकवर मी पहिल्यांदा "हीलर मागे थांबा" म्हटलं तेव्हा चार सेकंद सगळे गप्प, मग कोणीतरी, "मॅडम, तुम्ही खेळता?" पुढे बराच काळ मला कोणी शिव्या दिल्या नाहीत आणि माझ्यासमोर एकमेकांनाही दिल्या नाहीत, पार्टीचा खेळच त्यानं बिघडला. हा गोंधळ बटणांच्या जागेमुळे झाला असं म्हटलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. पण टाइप करता येत होतं तोवर मी बाई आहे की पुरुष, याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं.

सोय झाली की काय जातं, हे त्या त्या वेळी दिसत नाही. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये २००९ च्या डिसेंबरात एक सोय आली. बटण दाबा, खेळ स्वतःच पाच जणांची टोळी जमवतो आणि थेट गुहेत नेऊन सोडतो. त्याआधी चौकात उभं राहून हाका घालाव्या लागायच्या, मग चालत गुहेपर्यंत जायचं. लोकांनी हे बटण हौसेनं वापरलं, आणि काही वर्षांनी तेच लोक म्हणायला लागले की आता सोबतच्या चौघांची नावंही लक्षात राहत नाहीत. जुना खेळ परत द्या, ही मागणी वाढत गेली. २०१३ मध्ये कंपनीकडून भर कार्यक्रमात उत्तर मिळालं होतं की तुम्हाला ते हवंय असं तुम्हाला वाटतं, पण खरं तर तुम्हाला ते नकोय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याच कंपनीनं ते आणलं, आणि आत शिरण्यासाठी लोक तासन्‌तास रांगेत थांबले. 'रुनस्केप'ची कहाणी तर त्याहून भारी. २०१२ च्या नोव्हेंबरात त्यांनी लढाईची सगळी पद्धत बदलली, बटणांच्या पट्ट्या आल्या, खेळ 'आधुनिक' झाला, आणि माणसं निघून जायला लागली. तेव्हा त्यांनी २००७ च्या ऑगस्टमधली जपून ठेवलेली प्रत काढली, खेळाडूंना मत विचारलं आणि २०१३ च्या फेब्रुवारीत जुना खेळ वेगळा सुरू केला. ०.६ सेकंदांचा ठोका तोच, पिशवीची घरं २८ च. शिवाय पुढे तिथे नवीन काही घालायचं तर मतदान, आणि आधी ७५ टक्के, हल्ली ७० टक्के मतं बाजूनं पडल्याशिवाय ते येत नाही.

म्हणून जुनं ते सोनं, असं मी म्हणणार नाही. जुन्यात भंगारही रग्गड होतं. 'फायनल फँटसी चौदा' २०१० मध्ये आला तेव्हा मेनूत शिरून साधी वस्तू उचलायची तरी ताटकळावं लागे. बाजारात माल शोधायची सोय नव्हती. ओळीनं उभ्या असलेल्या विक्रेत्यांपाशी एकेक करून जायचं आणि प्रत्येकाची पोतडी उघडून बघायची. नंतर नव्या निर्मात्यानंच सांगितलं की तिथल्या एका फुलांच्या कुंडीवर जेवढे बारकावे कोरले होते, तेवढे एका खेळाडूच्या अख्ख्या पात्रावर होते. कुंडी देखणी, आणि तिच्या वजनाखाली माणसं दबलेली. शेवटी नाओकी योशिदा या नव्या माणसाच्या हाती कारभार दिला गेला, २०१२ च्या नोव्हेंबरात कथेतच आकाशातून लाल चंद्र पाडून ते जग संपवलं, आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये नवं उभं केलं. चुकीच्या मेनूंना प्रलयाची शिक्षा! मी ही गोष्ट भाच्याला सांगितली तर तो म्हणाला, आपल्यावाल्यांनी एवढा मोठा चंद्र पाडायची गरज नाही, नुसतं जॉयस्टिक हलवू दे म्हणाव.

खरी गोची पुढे आहे. ती कुंडीवाली मंडळी चुकली होती, आणि चूक कळल्यावर लाजली. आता जे चाललंय त्यात चूक कुठे आहे तेच सापडत नाही. पिशवी भरते, मुद्दाम लवकर भरते, आणि भरली की त्याच खिडकीत खाली 'पिशवी वाढवा' असं बटण, शेजारी किंमत. लॉबस्टरची पिशवी पैसे देऊन वाढत नव्हती. तिचा कोणाला फायदा नव्हता, ती नुसती छोटी होती. आता चालण्याचा कंटाळा आधी तयार करायचा, मग घोडा विकायचा. दमही मोजून देतात. 'गेन्शिन इम्पॅक्ट'मध्ये रेझिन नावाची शक्ती आठ मिनिटांना एक अशी ठिबकते, आणि त्याच्या आशियाई सर्व्हरचा नवा दिवस पहाटे चार वाजता उजाडतो, पण तो चीनकडच्या घड्याळानं. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा दीड. आमच्या खेळाचंही तंत्र असंच. त्यामुळे बारावीचा पोरगा रात्री दीडला पाणी प्यायला का उठतो, हे वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या ताईला अजून उलगडलेलं नाही. ती माठ बदलायच्या विचारात आहे.

बॉस अवघड असला की मी दात-ओठ खाते, पण खेळाला नावं ठेवत नाही. हात ऐकेनासा झाला की ठेवते. आणि माझा हात ऐकेनासा करण्यात कोणाचा तरी पगार निघतोय असा संशय आला, की मग फोन बाजूला ठेवून तरी द्यावासा वाटतो. ठेवत नाही. हीलर वाट बघत असतो, अकोल्याचा ढालवाला दिवसभराची शिफ्ट संपवून आलेला असतो, आणि रविवारच्या रात्री आम्ही पाच जण मिळून एखादं दगडी धूड पाडलं, की हेडफोनमध्ये जो आरडाओरडा होतो तो मला दुसरीकडे कुठे मिळत नाही.

'ऑटो'वरून मात्र आमच्या घरात भांडण आहे. ते बटण दाबलं की पात्र स्वतःच क्वेस्टच्या, म्हणजे कामगिरीच्या, जागी पळतं, स्वतःच मारामारी करतं, स्वतःच बक्षीस उचलतं. माझ्या मते यापेक्षा खेळाचा मोठा अपमान नाही. रस्ताच चालायचा नसेल तर ते जग रंगवलं कशाला? भाचा फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवतो, ऑटो लावतो आणि समोर फिजिक्सचे न्यूमेरिकल्स सोडवत बसतो. अधूनमधून मान वर करून बघतो, आपला माणूस जिवंत आहे ना. "मावशी, ऑटो नसता तर मी यावर्षी खेळूच शकलो नसतो," तो म्हणतो, आणि क्लासचं टाइमटेबल माझ्यासमोर धरतो. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत रकाने भरलेले. माझ्याकडे त्याला उत्तर नाही, तरी मी हट्ट सोडत नाही. परवा जेवताना त्यानं 'रुनस्केप'सारखं मतदान घ्यायचं काढलं. जॉयस्टिक हलवता यावी: दोन्ही मतं बाजूनं. लढाई चालू असताना दुकान बंद: दोन्ही बाजूनं. ऑटो काढून टाकावा: एक बाजूनं, एक विरुद्ध, ७० टक्के काही होत नाहीत. तिसरं मत ताईचं घेता येईल. ते घ्यायचं नाही, यावर मात्र आमचं एकमत आहे.